खाशाबांना न मिळालेली विश्रांती

कराडजवळच्या गोळेश्वरात १९२६ साली जन्मलेले पैलवान खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. पण तिथं एका लांबलेल्या कुस्तीनं अंग आंबलेलं असतानाच त्यांना लगेच सोव्हिएत मल्लापुढं उभं केलं गेलं. नियमानुसार अर्धा तास विश्रांती हवी होती. ती मागायला आपला अधिकारी जवळ नव्हता. कुस्ती हातची गेली. १९८४ ला खाशाबा अपघातात गेले.

तालमीतल्या पोरांना एवढंच सांगा : जोर-बैठकांनी स्नायू थकतो, भरतो तो खुराक आणि झोपेनं. दमलेला बैल आपण सोडतोच ना? मग पोरालाही आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्या.