बीड हैदराबाद राज्यात होतं तेव्हाची गोष्ट : पोलिसांच्या टीमला देशात एक नंबर करणारा मास्तर

४ सप्टेंबर १९६२. इंडोनेशियाची राजधानी जकार्ता. एशियन गेम्सच्या फुटबॉलची फायनल. एक लाखाच्या आसपास माणसं स्टेडियममध्ये बसलेली आणि जवळजवळ सगळी भारताच्या विरोधात ओरडत होती. मैदानाच्या कडेला एक सडपातळ माणूस बसला होता. वय ५३, फुप्फुसाचा कॅन्सर झालेला, हातात फार दिवस राहिलेले नव्हते.

त्या माणसाचं नाव सय्यद अब्दुल रहीम. सगळे त्यांना रहीम साहेब म्हणायचे.

अजय देवगणचा मैदान पिक्चर पाहिला असेल तर हे नाव तुम्हाला माहीत असेल. पण पिक्चरमध्ये रहीम साहेब दिसतात ते भारताचे कोच म्हणून. ते ज्या क्लबमुळे मोठे झाले आणि ज्या क्लबला त्यांनी मोठं केलं, त्याची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. आणि त्या गोष्टीचा आपल्या बीडशीही संबंध आहे.

कसा, ते बघू.

तेव्हा आपली राजधानी हैदराबाद होती

आज बीडच्या पोराला शिकायला पुण्याला किंवा संभाजीनगरला पाठवतात. पण १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होतं. या संस्थानात १६ जिल्हे होते. त्यातले ८ तेलुगू, ३ कन्नड आणि ५ मराठी. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे ते पाच मराठी जिल्हे.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं, हे आपल्याला मुक्तिसंग्राम दिनामुळे पाठ आहे. पण त्यानंतरही आपण लगेच महाराष्ट्रात आलो नव्हतो. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बीड हैदराबाद राज्यातच होतं. कोर्ट, कचेरी, कॉलेज, मोठं काहीही असलं की रस्ता हैदराबादकडेच जायचा. मराठवाडा विद्यापीठ आलं १९५८ साली. त्याआधी आपल्याकडच्या अनेक पोरांना पुढचं शिक्षण घ्यायला उस्मानिया विद्यापीठच गाठावं लागायचं.

रहीम साहेब याच उस्मानियाचे विद्यार्थी.

मास्तरकी आणि फुटबॉल

त्यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ चा, हैदराबादचा. उस्मानियाकडून ते फुटबॉल खेळले, बीए झाले आणि शाळेत मास्तर म्हणून लागले. काचीगुडा, चादरघाट अशा हैदराबादच्या वेगवेगळ्या भागांतल्या शाळांमध्ये त्यांनी शिकवलं. पुढे शारीरिक शिक्षणाचा डिप्लोमा केला आणि शाळेच्या खेळाची जबाबदारीही घेतली. आपल्या भाषेत सांगायचं तर पीटीचे सर.

१९४३ साली ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सेक्रेटरी झाले आणि मरेपर्यंत त्या पदावर राहिले. एरवी सेक्रेटरी म्हणलं की सत्कार आणि हार-तुरे आठवतात. रहीम साहेबांनी मात्र या खुर्चीवर बसून अशा स्पर्धा सुरू केल्या, की आधी लोकांना हा माणूस वेडाच वाटला असेल.

त्यांनी एक स्पर्धा अशी ठेवली की त्यात ड्रिब्लिंग करायचं नाही. म्हणजे बॉल पायात घोळवत एकट्यानं पळायचं नाही. बॉल आला की लगेच दुसऱ्याला पास. दुसऱ्या एका स्पर्धेत तर फक्त कमजोर पायानं खेळायचं. उजव्या पायाच्या खेळाडूनं डावा पाय वापरायचा, डावखुऱ्यानं उजवा.

यामागचं डोकं साधं होतं. त्या काळात आपल्याकडे जो बॉल घेऊन चार जणांना चकवेल तो हिरो. लोकही टाळ्या त्यालाच वाजवायचे. पण एकटा माणूस कितीही भारी असला तरी चौथा किंवा पाचवा कुणीतरी त्याला अडवतोच. बॉल मात्र माणसापेक्षा जोरात पळतो. म्हणून माणसानं कमी पळायचं आणि बॉल जास्त पळवायचा. दोन्ही पाय सारखे चालले तर पास द्यायला वेळ लागत नाही. वेळ लागला नाही तर समोरच्याला सावरायला सवड मिळत नाही.

हे पोरांना फळ्यावर लिहून शिकवलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. मास्तरांनी खेळाचा नियमच बदलला, मग शिकण्यावाचून पर्याय राहिला नाही.

पोलिसांची टीम

हैदराबादमध्ये सिटी अफगाण नावाचा क्लब होता. तोच पुढे हैदराबाद सिटी पोलिस झाला. १९५० साली रहीम साहेब या टीमचे कोच झाले.

आता टीम पोलिसांची म्हणल्यावर काय डोळ्यासमोर येतं? ड्युटी, परेड, बंदोबस्त. खेळाडू गरीब आणि मध्यमवर्गीय घरांतले. त्यांच्यासाठी फुटबॉल म्हणजे नोकरी आणि नोकरी म्हणजे घरात चूल पेटण्याची खात्री. आज पहाटे बीडच्या कुठल्याही मैदानावर गेलात तर पोलिस भरतीसाठी पळणारी पोरं दिसतील. त्यांना या टीमचं गणित वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

तेव्हा भारतात फुटबॉल म्हणजे कलकत्ता. मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहम्मडन स्पोर्टिंग. पैसा तिथं, प्रेक्षक तिथं, पेपरात नाव तिथं. हैदराबादला कुणी मोजत नव्हतं.

मग १९५० साल उजाडलं. मुंबईत रोव्हर्स कप होता. ही स्पर्धा १८९१ पासून चालू होती आणि सुरुवातीची कित्येक वर्षं ती गोऱ्या पलटणींनीच जिंकली. १९३७ ला बंगळूर मुस्लिम्स हा ती जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरला. अशा स्पर्धेत हैदराबादचे पोलिस आले आणि कप घेऊन गेले.

१९५१ ला परत आले, परत जिंकले. १९५२ ला जिंकले. १९५३ ला जिंकले. १९५४ लाही जिंकले.

लागोपाठ पाच वर्षं मुंबईच्या कूपरेज मैदानावर येऊन या टीमनं रोव्हर्स कप उचलला. याच काळात दिल्लीतला ड्युरँड कप १९५० ला मोहन बागानला हरवून घेतला आणि १९५४ ला पुन्हा घेतला. सिटी पोलिस नाव ऐकलं की कलकत्त्याच्या क्लबांना टेन्शन यायला लागलं.

आणि लक्षात घ्या, ही पाचही वर्षं बीड हैदराबाद राज्यात होतं. म्हणजे मुंबईत येऊन मुंबईकरांसमोर कप उचलणारी ही टीम कागदोपत्री आपल्याच राज्याच्या राजधानीची होती. आज आपण आयपीएलला मुंबईचा झेंडा नाचवतो, पण तेव्हा आपली टीम पाहुणी म्हणून मुंबईत यायची आणि जिंकून परत जायची.

दहा गोलची मार आणि त्यातून घेतलेला धडा

क्लब चमकला तशी भारताच्या टीमची जबाबदारीही रहीम साहेबांकडे आली. १९५१ ला दिल्लीत पहिले एशियन गेम्स झाले. फायनलला भारतानं इराणला १-० हरवलं आणि गोल्ड मेडल घेतलं. सगळीकडे आनंदीआनंद.

पण पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकला युगोस्लाव्हियानं भारताला १०-१ असं धुतलं. थंडी, ओलं मैदान आणि आपले बरेच खेळाडू अनवाणी. या पराभवानंतर भारतात बूट घालून खेळणं सक्तीचं झालं.

दुसरा एखादा कोच असता तर खापर बुटांवर आणि हवेवर फोडून मोकळा झाला असता. रहीम साहेबांनी त्या स्पर्धेत हंगेरीचा खेळ बघितला. हंगेरीचा सेंटर फॉरवर्ड सगळ्यात पुढं उभा न राहता मागं येऊन खेळायचा. त्याला धरायला समोरचा डिफेंडर पुढं आला की मागं जागा मोकळी व्हायची आणि बाकीचे तिथं घुसायचे. ही आयडिया रहीम साहेबांनी हैदराबादला आणली आणि तिथून भारताच्या टीममध्ये.

फळ मिळालं १९५६ ला. मेलबर्न ऑलिंपिकमध्ये १ डिसेंबरला भारतानं यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं. मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझानं तीन गोल मारले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो आशियातला पहिला खेळाडू. भारत सेमीफायनलला पोचला, आशियातला कुठलाच देश तोवर तिथं पोचला नव्हता. पुढं मेडल हुकलं, चौथा नंबर आला. पण ऑलिंपिक फुटबॉलमध्ये भारताची ती आजवरची सगळ्यात मोठी कामगिरी आहे.

बरोबर एक महिना आधी, १ नोव्हेंबरला, बीड हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आलं होतं.

सायकलचं भाडं

रहीम साहेबांची नजर कशी होती ते बघायचं तर तुलसीदास बलरामकडे बघा. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा गावातला गरीब घरचा पोरगा. खेळ भारी, पण हैदराबादला सरावाला यायचे पैसे नाहीत. रहीम साहेबांनी त्याच्या भाड्याच्या सायकलची सोय केली. हाच बलराम पुढं दोन ऑलिंपिक खेळला आणि पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी यांच्यासोबत भारताच्या आक्रमणाचा तिसरा खांब झाला.

सायकलचं भाडं मिळालं नसतं तर काय झालं असतं, हा प्रश्न गावाकडच्या प्रत्येक खेळाडूचा आहे.

जकार्ता, आणि तिकडे ब्राझील

१९५८ ला ब्राझीलनं वर्ल्ड कप जिंकला तो ४-२-४ या रचनेनं. मागं चार, मधे दोन आणि पुढं चार. १९६२ च्या एशियन गेम्सला रहीम साहेबांची टीमही ४-२-४ खेळत होती. ब्राझीलमध्ये तेव्हा पेलेचा सँटोस क्लब जोरात होता. सँटोस हे बंदराचं शहर, रिओ किंवा साओ पाउलोसारखं महानगर नव्हे. तिथल्या क्लबनं ३० ऑगस्ट १९६२ ला पहिल्यांदा दक्षिण अमेरिकेचा कोपा लिबर्टाडोरेस जिंकला. त्यानंतर पाचच दिवसांनी जकार्ताची फायनल होती.

इकडे भारताचे हाल चालले होते. पहिल्याच मॅचला दक्षिण कोरियानं २-० हरवलं. थायलंडला हरवलं पण जर्नेल सिंगच्या डोक्याला मार लागून टाके पडले. जपानलाही हरवलं. सेमीफायनलला रहीम साहेबांनी एक जुगार खेळला. डोक्याला पट्टी बांधलेल्या जर्नेलला, जो खरा डिफेंडर, त्याला सेंटर फॉरवर्ड म्हणून पुढं उभं केलं. त्यानं गोल मारला आणि भारत दक्षिण व्हिएतनामला ३-२ हरवून फायनलला आला.

त्यात राजकारणही तापलं होतं. इंडोनेशियानं इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नव्हतं. भारताचे क्रीडा अधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला. त्यामुळे स्थानिक लोक भारतावर खवळले होते, भारतीय वकिलातीवर हल्लाही झाला होता.

असं सांगतात की फायनलच्या आधी रहीम साहेबांनी खेळाडूंकडे एकच भेट मागितली, गोल्ड मेडल. आपल्याकडे किती दिवस उरलेत हे त्यांना माहीत होतं.

मॅच सुरू झाली. पहिल्या वीस मिनिटांत पी. के. आणि जर्नेलनं एकेक गोल मारला. कोरियानं शेवटी शेवटी एक फेडला, पण तेवढाच. भारत २-१ नं जिंकला. ज्या कोरियानं सुरुवातीला हरवलं, त्यालाच शेवटी हरवलं.

११ जून १९६३ ला रहीम साहेब गेले. फायनलनंतर जेमतेम नऊ महिन्यांनी.

नंतर काय झालं?

त्यांच्यानंतर एशियन गेम्सच्या फुटबॉलमध्ये भारताला एकच मेडल मिळालं, १९७० चं ब्राँझ. गोल्ड पुन्हा कधीच नाही.

आणि तो क्लब? आंध्र पोलिस या नव्या नावानं त्यानं १९६१ चा ड्युरँड कप जिंकला. पण पुढं हैदराबादचे चांगले खेळाडू पैशासाठी कलकत्त्याला जात राहिले आणि घडवणारा मास्तर राहिला नव्हता. हळूहळू टीम मागं पडली.

सँटोसचं नाव आजही जगात आहे, कारण पेले गेल्यावरही तिथं पोरं घडवण्याचं काम थांबलं नाही. रॉबिन्हो आणि नेमार त्याच क्लबमधून आले. हैदराबादमध्ये सगळं एका माणसाच्या डोक्यात होतं. तो माणूस गेला आणि ते डोक्यातलं त्याच्यासोबत गेलं. त्या ड्रिब्लिंग न करण्याच्या स्पर्धा, ते कमजोर पायाचे सामने पुढं चालू ठेवायला पैसे लागत नव्हते. फक्त कुणीतरी ते मनावर घ्यायला हवं होतं.

आपल्या जिल्ह्यात कितीतरी शाळांना मैदान आहे. पीटीचे सरही आहेत. पुढच्या वेळी शाळेच्या मैदानावर कुणी सर पोरांना डाव्या पायानं खेळायला लावताना दिसले, तर हसू नका. थोडं थांबून बघा.