सेवाव्रती रमाबाई रानडे

रात्री-अपरात्री रुग्णाच्या उशाशी उभी असलेली परिचारिका पाहून आज कोणाला नवल वाटत नाही. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी प्रतिष्ठित घराण्यातील स्त्रीने हे काम पत्करणे म्हणजे कुळाला कमीपणा आणणे, असे मानले जाई. परपुरुषाची शुश्रूषा, सर्व जातींच्या रुग्णांना स्पर्श आणि घराबाहेर काढलेली रात्र, या तिन्ही गोष्टी समाजाला असह्य होत्या. हा समज दूर करण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत रमाबाई रानडे यांचे स्थान मोठे आहे.

रमाबाईंचा जन्म १८६२ साली, आज सांगली जिल्ह्यात असलेल्या देवराष्ट्रे या गावी कुर्लेकर घराण्यात झाला. १८७३ साली, अवघ्या अकराव्या वर्षी, महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तोवर त्यांना अक्षरओळखही नव्हती. पतीने त्यांना लिहावयास-वाचावयास शिकविले. पुढे त्या इंग्रजी शिकू लागल्या, तेव्हा घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष त्यांना सोसावा लागला. रमाबाईंनी कोणाला उलट उत्तर दिले नाही. मात्र हातातील पुस्तकही खाली ठेवले नाही.

१८९३ साली रानडे मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले आणि रमाबाई मुंबईस आल्या. ईश्वरावरील निष्ठा आणि संतवाणीची गोडी ही या दांपत्याची समाईक ठेव होती. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले. रोगाइतकेच लोक रुग्णालयालाही भीत. पुरुषाने तपासण्यापेक्षा मरण बरे, असे अनेक स्त्रियांना वाटे. शिकलेल्या परिचारिकांची गरज केवढी मोठी आहे, हे अशा संकटांतून दिसून येत होते.

पतीच्या अखेरच्या आजारात रमाबाईंनी त्यांची अहोरात्र शुश्रूषा केली. पण १६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्तींचे मुंबईत निधन झाले. रमाबाईंवर आकाश कोसळले. त्या पुण्यास गेल्या आणि काही काळ त्यांनी घराचा उंबरठा ओलांडला नाही. त्या काळच्या रीतीप्रमाणे विधवेचे उरलेले आयुष्य देवघराच्या कोपऱ्यातच जावयाचे. रमाबाईंची भक्ती मात्र त्यांना कोपऱ्यात बसू देईना. येरवड्याच्या तुरुंगातील बंदिवान स्त्रियांची त्या विचारपूस करू लागल्या. रुग्णालयांत जाऊन आजाऱ्यांना फळे-फुले देऊ लागल्या. आपल्या दुःखाला त्यांनी इतरांच्या दुःखाची वाट दाखविली.

१९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन स्थापन केले आणि त्याचे अध्यक्षपद रमाबाईंना दिले. गिरगावजवळच्या गावदेवीत ही संस्था नावारूपाला आली. पुढील वर्षी, १९०९ साली, गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने रमाबाईंनी आपल्या पुण्यातील वाड्यातच सेवासदन सुरू केले. तेथील स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळू लागले. त्यांत अनेक तरुण विधवा होत्या. लोकांनी नावे ठेवली, नातलगांनी पाठ फिरविली. परंतु न्यायमूर्तींची पत्नी स्वतः पाठीशी उभी असल्यामुळे त्या मुलींना धीर आला. आळंदीच्या यात्रेतही रमाबाई सेवासदनातील स्त्रियांना घेऊन जात आणि यात्रेकरूंची सेवा करवून घेत. ज्या हातांनी देवाला फूल वाहावयाचे, त्याच हातांनी रुग्णाची जखम धुता येते, हे त्यांनी कृतीने पटविले.

रमाबाईंना स्वतःचे अपत्य नव्हते. परंतु घराने ज्यांना भार मानले, अशा कित्येक मुलींच्या त्या आई झाल्या. आधार मागावयास आलेली मुलगी शिकून दुसऱ्याला आधार देऊ लागे, हेच त्यांच्या मातृत्वाचे फळ होते. १९२४ साली त्यांची प्राणज्योत मालवली. १९६२ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

मुलांनो, रुग्णालयात एखादी परिचारिका लगबगीने जाताना दिसली, तर तिला वाट करून द्या. ती वाट मोकळी व्हावी म्हणून एके काळी कितीतरी स्त्रियांनी लोकनिंदा मुकाट्याने सोसली आहे.