विश्लेषण : डायलिसिसवेळी मॉनिटरवरची ‘टी’ लहर काय सांगते? तिचे नामकरण कोणी केले?

मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तात पोटॅशियम साठते. ते फार वाढले तर हृदय बंद पडू शकते. त्याआधी अनेकदा ईसीजीवरील ‘टी’ लहर उंच, टोकदार होते. गंभीर रुग्णाच्या डायलिसिसवेळी डॉक्टरांची नजर मॉनिटरवर असते. पोटॅशियम झपाट्याने उतरले तरी ठोके बिघडू शकतात.

या लहरींना पी, क्यू, आर, एस, टी ही नावे देणारे विलेम आइंटहोवेन १८६० मध्ये जावा बेटावरील समारंगला जन्मले. डॉक्टर वडील लवकर गेले. आई सहा मुलांना घेऊन नेदरलँड्समध्ये परतली. विलेम पंचविशीतच लायडेन विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांचे ईसीजी यंत्र सुमारे २७० किलोचे, चालवायला पाच माणसे! रुग्ण दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसे. असे धूड रुग्णालयात नेणार कसे? मग १९०५ मध्ये त्यांनी दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेने हृदयाचे संकेतच प्रयोगशाळेत आणले.

१९२४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले, १९२७ मध्ये निधन झाले. डायलिसिस त्यांनी पाहिले नाही. ते यंत्र १९४३ मध्ये नेदरलँड्समध्येच, काम्पेनच्या रुग्णालयात विलेम कोल्फ यांनी रुग्णासाठी वापरले. कोल्फ यांचा जन्म लायडेनचाच.