भीमेच्या माशांना जगाच्या नकाशावर नेणारे कर्नल सायक्स

भिगवणच्या मासळी बाजारात सकाळच्या लिलावाला उजनी जलाशयातील मासे येतात. त्यांत कटला, रोहू आणि मृगळ असतात आणि सर्वांत अधिक भरणा असतो तो चिलापीचा. भीमेच्या मूळ रहिवाशांची संख्या या ढिगाऱ्यांत फारच थोडी. नदीत पूर्वी कोणते मासे होते, हा प्रश्न इंदापूर, दौंड किंवा करमाळ्याच्या काठावर कोणी विचारला, तर वयोवृद्ध मच्छीमारांच्या आठवणींखेरीज एक लेखी आधार उपलब्ध आहे. तो सुमारे पावणेदोनशे वर्षांहून जुना असून ज्याने तो तयार केला, तो मत्स्यशास्त्रज्ञ नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील अधिकारी होता. त्याचे नाव विल्यम हेन्री सायक्स.

सायक्स यांचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात झाला. वयाची चौदा वर्षे पूर्ण होतात न होतात तोच ते कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाले. १८०५ मध्ये भरतपूरच्या वेढ्यात त्यांनी भाग घेतला. मराठी वाचकाला त्यांची ओळख पटते ती मात्र १८१७ च्या घटनांमुळे. पेशवाईचा शेवट घडविणाऱ्या खडकी आणि पुण्याच्या लढायांत ते कंपनीच्या बाजूने देशी पलटणीचे नेतृत्व करीत होते आणि त्यानंतर डोंगरी किल्ले घेण्याच्या मोहिमांतही त्यांचा सहभाग होता. दख्खनशी त्यांचा पहिला परिचय असा तलवारीच्या धारेवर झाला.

१८२० ते १८२४ हा काळ त्यांनी युरोपच्या प्रवासात घालविला. १८२४ मध्ये ते मुंबईस परतले, तेव्हा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांच्यावर वेगळीच जबाबदारी सोपविली. नव्याने ताब्यात आलेल्या मुलखाची आकडेवारी गोळा करणारे अधिकारी म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार कलेक्टरीतील लोकसंख्या, जमिनीचे हक्क, पिके, मजुरी, वजनमापे आणि हवामान यांची माहिती त्यांना जमवावयाची होती. राज्यकर्त्यांना महसूल ठरविण्यासाठी या माहितीची गरज होती, हे उघड आहे. तथापि सायक्स यांनी या चौकटीपलीकडे पाहिले. तंबू ठोकून गावोगाव हिंडताना पक्षी, सस्तन प्राणी आणि मासे यांच्याही नोंदी त्यांनी ठेवल्या.

हा काळ इंदापूर परगण्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा होता. त्याच सुमारास रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे कलेक्टरीत जमिनीची मोजणी करून सारा ठरविला. तो कागदावर शास्त्रशुद्ध, परंतु प्रत्यक्षात रयतेला न झेपणारा ठरला. अनेक शेतकऱ्यांनी जमिनी टाकल्या. अखेर गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३५-३६ मध्ये नवी मोजणी सुरू केली ती इंदापुरातच. मुंबई इलाख्याची पुढची सारी महसूल पद्धत तेथूनच आकाराला आली. माहिती गोळा करणे आणि ती योग्य रीतीने वापरणे यांत किती अंतर असते, याचा हा धडा होता. माशांच्या बाबतीत तोच धडा पुढे दीडशे वर्षांनी नव्याने गिरवावा लागला.

१८२९ च्या अखेरीस सरकारने काटकसरीपोटी सायक्स यांचे पद रद्द केले. हाती घेतलेले काम अर्धवट सोडून पलटणीत परतणे त्यांना पसंत पडले नाही. त्यांनी रजा घेतली आणि १८३१ च्या आरंभापर्यंत अहवाल पूर्ण केले. त्यानंतर ते मायदेशी गेले आणि १८३३ मध्ये कर्नलच्या हुद्द्यावर निवृत्त झाले.

पुढील काही वर्षांत त्यांच्या संग्रहाचे चीज झाले. दख्खनमधील रानकुत्र्याचे, म्हणजेच कोळसुंद्याचे, वर्णन त्यांनी १८३१ मध्ये प्रसिद्ध केले. १८३२ मध्ये पक्षी आणि सस्तन प्राण्यांच्या याद्या आल्या. आजही एका चंडोलाला आणि एका वटवट्याला पक्षिनिरीक्षक त्यांच्या नावाने ओळखतात. माशांवरील निबंधाचा गोषवारा १८३९ मध्ये, तर सचित्र पूर्ण निबंध १८४१ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने छापला. त्यात भीमा, मुळा-मुठा आणि दख्खनच्या इतर नद्यांतील चाळीसहून अधिक जातींचे वर्णन आहे. पुण्याजवळची मुळा-मुठा आणि भीमेकाठचे पेडगाव ही त्यांच्या संग्रहाची महत्त्वाची ठिकाणे होती. पेडगावाहून भीमा पुढे वाहत दौंड आणि इंदापूरच्या शिवारात येते. म्हणजे आज जे पाणी उजनीत साठते, त्याच पाण्यातील मासळी सायक्स यांच्या टेबलावर आली होती.

या निबंधाचे खरे वैशिष्ट्य त्यातील नावांत आहे. त्या काळी नव्या प्राण्याला लॅटिन किंवा ग्रीक शब्दावरून अथवा एखाद्या आश्रयदात्यावरून नाव देण्याची प्रथा होती. सायक्स यांनीही काही नावे सहकाऱ्यांच्या सन्मानार्थ ठेवली; पण बहुतेक ठिकाणी त्यांनी काठावरच्या लोकांच्या तोंडचे नावच शास्त्रीय नाव म्हणून स्वीकारले. खुद्री, मुसुल्ला, कोळस, नुक्ता, शिंगटी, ताकरी, फुलंगी, मळ्या ही सारी नावे किंचित बदललेल्या उच्चारांनिशी आज जगभरच्या संग्रहालयांतील बरण्यांवर लिहिलेली आढळतात. रोहटी या नावाची तर त्यांनी एक स्वतंत्र प्रजातीच निर्माण केली. दख्खनी महासीर म्हणून ओळखला जाणारा मासा शास्त्रात खुद्री याच नावाने नोंदला गेला आहे. ज्यांनी जाळी टाकून हे मासे पकडून दिले आणि ज्यांनी नावे सांगितली, त्यांची स्वतःची नावे मात्र या निबंधाने जगापुढे आणली नाहीत. माशांची नावे अमर झाली आणि सांगणारे अनाम राहिले, ही या कामाची दुसरी बाजू विसरता येत नाही.

इंग्लंडमध्ये सायक्स यांनी मोठमोठी पदे भूषविली. १८३४ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता आणि पुढे ते तिचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. १८४० मध्ये ते कंपनीचे संचालक आणि १८५६ मध्ये अध्यक्ष झाले. १८५७ पासून अखेरपर्यंत ते ॲबर्डीनचे प्रतिनिधी म्हणून ब्रिटिश संसदेत होते. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मृत्यूनंतर भीमा आणि नीरेच्या खोऱ्याचे रूप बदलत गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा आला आणि बारामती-इंदापूरच्या जिरायती पट्ट्यात उसाचे मळे उभे राहिले. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसी साठवणुकीच्या या जलाशयाने इंदापूर, करमाळा, दौंड आदी तालुक्यांतील गावे आणि शेते पोटात घेतली. पळसदेवचे प्राचीन मंदिर पाणी ओसरले की डोके वर काढते. वाहत्या पाण्यात वाढणाऱ्या माशांना स्थिर पाणी मिळाले, अंडी घालण्यासाठी वर जाण्याची वाट अडली आणि पुणे-पिंपरीचे सांडपाणी खाली वाहून येऊ लागले. शासनाने कटला, रोहू आणि मृगळाचे बीज सोडले. मूळची आफ्रिकेतील चिलापी आली आणि तिने पाहता पाहता जलाशय व्यापला. विस्थापित झालेल्या अनेक कुटुंबांना या मासेमारीने पोटाला आधार दिला, हेही तितकेच खरे आहे.

आता प्रश्न उरतो तो व्यवस्थापनाचा. बारीक आसाच्या जाळ्यांनी पिल्लेच उपसली जातात, अशी तक्रार काठावरचे मच्छीमार वारंवार करतात. पावसाळ्यातील विणीच्या काळात मासेमारी थांबावी आणि बीज नियमित सोडले जावे, ही त्यांची मागणी आहे. ती रास्तच आहे. परंतु कोणते बीज सोडावयाचे, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे आणि येथेच सायक्स यांची यादी पुन्हा कामास येते.

याचे उदाहरण खुद्रीच्याच चरित्रात सापडते. सत्तरच्या दशकापासून लोणावळ्याजवळच्या वळवण येथे टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाच्या मत्स्यबीज केंद्रात या माशाची कृत्रिम पैदास होऊ लागली. महाराष्ट्राचे मत्स्यतज्ज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांचा त्या कामात मोलाचा वाटा होता. त्यातून लाखो पिल्ले देशभरच्या पाण्यात सोडली गेली आणि संकटात सापडलेली ही जात सावरली. मात्र हीच पिल्ले कावेरीतही गेली. तेथील स्थानिक कुबडा महासीर मागे पडत गेला आणि आज तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे; बाहेरून आलेली खुद्री हे त्याचे एक प्रमुख कारण असल्याचे संशोधकांनी दाखवून दिले आहे. एका नदीचे वरदान दुसऱ्या नदीचा शाप ठरू शकते. म्हणूनच कोणता मासा कोणत्या पाण्याचा, याची नोंद असल्याशिवाय बीज सोडणे म्हणजे प्रिंगलच्या साऱ्यासारखेच अंदाजपंचे काम होय.

सायक्स हे जेत्यांचे अधिकारी होते आणि त्यांची नोंद जेत्यांच्या सोयीसाठी सुरू झाली होती. तरीही त्यांनी काठावरच्या माणसाचे ऐकले आणि त्याचा शब्द शास्त्रात जसाच्या तसा ठेवला. शिंगटी कुठे मिळते, नुक्ता शेवटची कधी दिसली, हे भिगवण, पळसदेव आणि नीरा नरसिंहपूरच्या घाटांवरील जुन्या मच्छीमारांना आजही विचारता येईल. ही विचारपूस करण्याचे काम विद्यापीठे, मत्स्य विभाग आणि मच्छीमार सोसायट्या यांनी एकत्र येऊन हाती घेतले, तर भीमेची दुसरी यादी तयार होईल. त्या यादीत माशांबरोबर सांगणाऱ्यांचीही नावे असली पाहिजेत.