उंबऱ्याशी अडलेले पाऊल

माझ्या थोरल्या काकांना कंपवात होता. हात थरथरतात ते आजारामुळे, हे आम्हाला पटायचे. पटायचे नाही ते त्यांचे उंबऱ्याशी थबकणे. खोलीतून बरे चालत यायचे आणि दारात पाय जमिनीला चिकटल्यासारखे उभे राहायचे. मुद्दाम करतात, असे मीही एकदा बोलून गेलो. पुढे जेम्स पार्किन्सन यांच्याविषयी वाचताना त्या बोलण्याची लाज वाटली.

पार्किन्सन यांचा जन्म १७५५ सालचा, लंडनच्या हॉक्स्टन भागातला. वडील औषधे देणारे वैद्य, मुलानेही तोच व्यवसाय धरला. पण गृहस्थ मोठे खटपटे! ‘ओल्ड ह्यूबर्ट’ या टोपणनावाने त्यांनी सरकारवर झोड उठवणारी पत्रके काढली. १७९४ साली राजा तिसरा जॉर्ज याला विषारी बाण मारण्याच्या कटाचा गवगवा झाला, तेव्हा मित्रांसाठी प्रिव्ही कौन्सिलपुढे जबानी देण्याची वेळ त्यांच्यावर आली. जीवाश्मांचा नाद तर असा, की त्यावर तीन खंड लिहिले.

ज्या पुस्तिकेमुळे आज त्यांचे नाव घरोघरी आहे, ती १८१७ सालची. तेव्हा वय बासष्ट. त्यात माणसे अवघी सहा, आणि त्यांतली तीन रस्त्यात दिसलेली. दोघांना थांबवून विचारपूस केली, एकाला नुसते लांबून पाहिले. ना यंत्र, ना प्रयोगशाळा. माणूस कसा चालतो, एवढेच बघायचे. अंग पुढे झुकते, चालता चालता पावले आपोआप धावू लागतात, हे त्यांनी टिपले. एका रोग्याचे वर्णन तर डोळ्यांसमोर उभे राहते. नोकर समोर उभा राहून त्याच्या खांद्यांवर तळवे टेकवी. रोगी मागेपुढे हळूहळू झुलून तोल साधी, इशारा देई आणि धावत सुटे. नोकर चटकन बाजूला होऊन पुढे पळे, कारण वीसेक पावलांवर त्याला झेलावे लागे.

दुखण्याचे मूळ मात्र त्यांना सापडले नाही. मज्जारज्जूच्या वरच्या भागात दोष असावा, हा त्यांचा तर्क चुकला. मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होतात, हे विसाव्या शतकात कळले. पार्किन्सन १८२४ साली वारले. आजाराला त्यांचे नाव दिले ते पुढे पॅरिसच्या शार्को यांनी.

पाय अडण्याचे कोडे अजूनही पुरते सुटलेले नाही. औषधानेही ते नेहमी हटत नाही. पण जमिनीवर आडव्या रेघा आखल्या, की अडलेला माणूस त्या ओलांडत चालू लागतो, हे लंडनचे डॉक्टर पर्डन मार्टिन यांनी १९६७ सालच्या ग्रंथात मांडले. सपाट फरशीवर न उठणारे पाऊल रेघ दिसताच उठते!

हे वाचले आणि काकी आठवली. काका दारात अडले की ती आपला पाय त्यांच्यापुढे आडवा ठेवायची. तो ओलांडून काका सरळ बाहेर पडायचे. आम्ही पोरे हसायचो. तिला हे कोणी शिकवले, ते विचारायचे राहूनच गेले.