टिलवा आणि लॉगॅरिदम

सबमिशनच्या आठवड्यात ध्रुवप्रदेशावरचं भाषण ऐकायला कोण जाणार? आम्ही गेलो, कारण नंतर चहा-सामोसे होते! सरांनी पांढरी अस्वलं दाखवली, पेंग्विन दाखवले, वितळणारा बर्फ दाखवला. याचा आपल्या मुलुंडशी काय संबंध, असं मागून कोणीतरी विचारलंच. सरांनी नुसती पुढची स्लाइड लावली. भांडुपच्या खाडीतला चिखल आणि त्यात चोच खुपसणारा लिटल स्टिंट, म्हणजे आपला टिलवा. वजन जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅम. पिल्लं वाढवतो आर्क्टिकच्या टुंड्रात आणि हिवाळा काढायला येतो आपल्याकडे!

असे पाहुणे कुठून येतात, याचा आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर शोध सुरू केला तो डॉ. सलीम अली यांनी. त्यांच्याबद्दल वाचलं आणि मी चाटच पडलो.

जन्म १२ नोव्हेंबर १८९६, मुंबईत. आईवडील लहानपणीच गेले, मामांनी खेतवाडीत वाढवलं. एकदा छर्‍याच्या बंदुकीने त्यांनी चिमणी पाडली, तर तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका. ही कुठली चिमणी, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथल्या मिलार्डसाहेबांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटंच उघडून दाखवली. मुलगा कायमचा अडकला.

पुढे सेंट झेवियर्समध्ये लॉगॅरिदमने घात केला. कॉलेज सोडून ते ब्रह्मदेशात घरच्या धंद्यावर गेले. तिथेही लक्ष पक्ष्यांकडेच! परत येऊन प्राणिशास्त्र शिकले, पण रीतसर डिग्री नाही म्हणून सरकारी नोकरी हुकली. जर्मनीत शिकून १९३० मध्ये परतले, तर म्युझियममधली जुनी जागाही रद्द झालेली. बेकार माणूस काय करेल? ते अलिबागजवळ किहीमला राहिले आणि महिनोन् महिने सुगरणीची घरटी बघत बसले. नर अर्धवट घरटं बांधतो, मादीने पसंत केलं की ते पुरं करतो आणि लगेच दुसरीसाठी नवं बांधकाम काढतो, हे त्यांनी नोंदवलं. १९३९ मध्ये पत्नी तेहमिना गेल्या. तरी काम थांबलं नाही. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं प्रसिद्ध पुस्तक आलं.

१९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने त्यांनी सोसायटीतर्फे हजारो पक्ष्यांच्या पायात नंबर घातलेली वाळी अडकवली. माकडतापाच्या गोचिडी स्थलांतरित पक्षी आणतात का, हा तेव्हाचा प्रश्न होता. २० जून १९८७ रोजी ते गेले, पण नोंदी उरल्या.

आज त्यांची किंमत कळते. १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापतोय. बर्फ लवकर वितळला की किडेही लवकर निघतात आणि पिल्लांना भूक लागेपर्यंत मेस बंद! पुढे खाडीत टिलवे कमी दिसले, तर ते खरंच कमी झालेत की आपल्याला तसं वाटतंय, हे जुन्या आकड्यांशिवाय सांगताच येणार नाही. लॉगॅरिदमला घाबरलेल्या माणसाने हे आकडे जमवायची सवय लावली.

माझी मॅथ्सची केटी अजून बाकी आहे. पण या नोव्हेंबरात ओहोटीची वेळ बघून मी वही घेऊन भांडुपला जाणार आहे. मोजता तर मलाही येतं. कोण येतंय बरोबर?