टेडी शीन : बुडत्या जहाजावरचा तोफची

व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च शौर्यपदक ऑस्ट्रेलियाच्या नौदलातील कोणालाही २०२० पर्यंत मिळाले नव्हते. ते प्रथम मिळाले एडवर्ड शीन या विमानवेधी तोफेवरील नौसैनिकाला. आणि तेव्हा त्याच्या मृत्यूला ७८ वर्षे होत आली होती.

टेडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शीनचा जन्म २८ डिसेंबर १९२३ रोजी टास्मानिया बेटावरील लोअर बॅरिंग्टन येथे झाला. चौदा भावंडांत तो धाकटा. पुढे कुटुंब लॅट्रोब गावी आले. शाळा आटोपल्यावर तो आसपासच्या शेतांवर मिळेल ते काम करीत असे. पाच भाऊ आधीच सैन्यदलांत गेले होते. त्यांच्या मागोमाग एप्रिल १९४१ मध्ये तोही नौदलात दाखल झाला. प्रशिक्षणानंतर सिडनी बंदरात त्याचा मुक्काम ‘कुट्टाबुल’ या नौकेवर होता. ३१ मे १९४२ च्या रात्री जपानी छोट्या पाणबुड्यांनी बंदरात शिरून केलेल्या हल्ल्यात ती नौका बुडाली व २१ नौसैनिक मरण पावले. शीन त्या वेळी रजेवर घरी होता. तेव्हा टळलेले मरण सहा महिन्यांनी समुद्रात त्याच्यासमोर उभे राहिले.

जूनमध्ये ‘आर्मिडेल’ ही लहान युद्धनौका नौदलात दाखल झाली. तिच्यावर ओर्लिकॉन तोफेत काडतुसे भरण्याचे काम शीनकडे आले. वीस मिलिमीटरच्या या तोफेला विजेची गरज नसे. तोफची खांद्याच्या आधाराला पट्ट्याने स्वतःला जखडून घेई आणि शरीराच्या बळाने ती फिरवी. त्यामुळे जहाजाची यंत्रे बंद पडली तरी तोफ चालू शकत असे. पुढे जे घडले ते समजण्यास हा तपशील महत्त्वाचा आहे.

तिमोर बेट तेव्हा जपानच्या ताब्यात होते. तेथील डोंगरांत झुंजणारे ऑस्ट्रेलियन सैनिक व पोर्तुगीज नागरिक यांना सोडवून आणण्यासाठी ‘आर्मिडेल’ आणि ‘कॅसलमेन’ या नौका नोव्हेंबरअखेर डार्विनहून निघाल्या. वाटेतच हवाई हल्ले झाल्याने त्यांना पोहोचण्यास उशीर झाला. ‘कुरू’ या तिसऱ्या नौकेने आणलेल्या नागरिकांना घेऊन ‘कॅसलमेन’ परतली. ‘आर्मिडेल’ला मात्र पुन्हा तिमोरकडे जाण्याचा हुकूम झाला. विमानांचे छत्र नसताना दिवसाउजेडी दिलेला हा हुकूम आजही खटकतो. १ डिसेंबरच्या दुपारी जपानी विमानांनी तिला गाठले. दोन पाणतीर लागले, नौका कलली आणि ती सोडून देण्याची आज्ञा झाली.

पाण्यात उतरलेल्यांवर विमाने गोळ्या झाडीत होती. छातीत व पाठीत जखमी झालेला शीन तोफेकडे परतला, त्याने स्वतःला पट्ट्याने बांधून घेतले आणि मारा सुरू केला. एक बॉम्बफेकी विमान त्याने पाडले. नौका पाण्याखाली जात असतानाही त्याची तोफ थांबली नव्हती, असे वाचलेल्या सोबत्यांनी सांगितले. एकोणीस वर्षे पूर्ण होण्यास त्याला चार आठवडे उरले होते. नौकेवरील १४९ जणांपैकी ४९ जण वाचले. एका तराफ्यावरील माणसे शोधविमानाला दिसली, परंतु खवळलेल्या समुद्रामुळे विमान उतरू शकले नाही. ती माणसे पुन्हा कधीच सापडली नाहीत.

शीनच्या वाट्याला आला तो युद्धअहवालातील गौरवपूर्ण उल्लेख. त्या काळच्या नियमांनुसार अशा प्रसंगी मरणोत्तर देता येण्याजोगे दोनच सन्मान होते, एक व्हिक्टोरिया क्रॉस आणि दुसरा हा उल्लेख. मधली पायरीच नव्हती. शिवाय ऑस्ट्रेलियन नौदलातील शिफारशी लंडनच्या नौदल मुख्यालयाकडे जात. वाचलेले सोबती आणि शीनचे कुटुंबीय यांनी हा विषय सोडला नाही. १९९९ मध्ये एका पाणबुडीला त्याचे नाव देण्यात आले, पण पदकाचा प्रश्न तसाच राहिला. २०१३ च्या चौकशीत नकार मिळाला. २०१९ मध्ये सन्मान न्यायाधिकरणाने पदकाची शिफारस केली, तर मे २०२० मध्ये सरकारने ती नाकारली. यावर टीका झाल्यानंतर पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी ब्रेंडन नेल्सन यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली आणि तिने शीनच्या बाजूने कौल दिला. ऑगस्टमध्ये राणी एलिझाबेथ यांनी मंजुरी दिली. १ डिसेंबर २०२० रोजी, ‘आर्मिडेल’ बुडाल्याच्या तारखेलाच, कॅनबेरा येथे गव्हर्नर जनरल डेव्हिड हर्ली यांनी ते पदक शीनच्या कुटुंबीयांच्या हाती दिले.